चाळीच्या पुनर्विकासाला कलेतून विरोध: आधी अंगणात फक्की मारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळमधली ८४ खोल्यांची उपकरप्राप्त चाळ, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर लागू असलेली जुनी भाड्याची इमारत. मालकाने विकासक आणला आहे आणि ३१ भाडेकरूंनी संमतीपत्रावर सह्या दिल्या आहेत. चाळीतली पंधरा-वीस मुलंमुली पथनाट्य, भिंतीवर चित्रं, मानवी साखळी असं काही करायच्या तयारीत आहेत. घरातली मोठी माणसं म्हणतात, नाचगाण्याने बिल्डर थांबत नसतो. उपयोग खरंच होतो का, आणि होत असेल तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी कामगार वस्त्यांमध्ये पथनाट्यं केली. गेली बावीस वर्षं मध्य मुंबईतल्या भाडेकरूंच्या समित्यांबरोबर नकाशे, करार, हरकती ही कामं करते. उपयोग होताना मी पाहिलाय. कार्यक्रम जोरदार होऊनही चाळ हातची गेलेली पाहिलीय. फरक कशाने पडला, ते सांगते.

तुमचा प्रश्न पुन्हा वाचून पाहा. त्यात ‘विरोध’ बराच आहे, पण कशाला विरोध ते नाही. चाळ पाडूच नये असं म्हणणं आहे? पाडा, पण हा विकासक नको? की विकासकही चालेल, पण अटी बदला? या तीन वेगळ्या मागण्या आहेत आणि तिघींची नाटकं, गाणी, चित्रं वेगळी होतात. तुमच्या वीस जणांतच मला वाटतं तीनही मतं असतील. आधी ते एका खोलीत बसून मिटवा, नाहीतर पहिल्याच कार्यक्रमात कुणीतरी माईकवर भलतंच बोलेल आणि दुसऱ्या दिवशी चाळभर तेवढीच एक गोष्ट फिरेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. सगळ्यात मोठी गोष्ट इमारतीची अवस्था. संरचनात्मक तपासणीत ती सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल, तर ‘आम्ही हलणार नाही’ ही घोषणा कृपा करून देऊ नका. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली तेव्हा ३३ माणसं गेली, आणि ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेतच होती. अशा वेळी लढा संक्रमण शिबिर, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतचं तात्पुरतं घर, कुठे मिळणार, परत यायचा हक्क कुठल्या कागदावर आहे, यासाठी असतो. तपासणीच्या अहवालावर तुमचा विश्वास नसेल तर दुसरी तपासणी मागा, पण छताची सळई उघडी पडलेल्या खोलीत पोरांना बसवून फलक रंगवू नका. बाकी जमीन कुणाची, योजना कुठल्या नियमाखाली, चाळ एकटीच आहे की शेजारच्या दोन-तीन मिळून समूह विकास होतोय, यावरही बरंच ठरतं. तुम्ही उपकरप्राप्त म्हणताय आणि एकाच चाळीचं बोलताय, म्हणून विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७), म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम, धरून लिहिते.

आता मुख्य मुद्दा. या नियमाखाली ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. पूर्वी ७० टक्के लागायची. ८४ खोल्यांचे ५१ टक्के म्हणजे ४३ सह्या. ३१ झाल्यात, म्हणजे १२ उरल्या. तुमचा सगळा लढा आज त्या बारा घरांभोवती आहे. विकासकाला ते माहीत आहे, म्हणूनच संध्याकाळी त्याची माणसं त्या घरांमध्ये मिठाई घेऊन बसतात. तुम्ही मात्र रस्त्याकडे तोंड करून पथनाट्य करायला निघालात. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे सही नाही. वर्तमानपत्रात फोटो आला तरी त्या बारा जणांपैकी कुणाचं मत त्याने बदलत नाही. कलेचं पहिलं काम शेजाऱ्याला बोलतं करणं हे आहे. ज्याने सही दिली त्यालासुद्धा.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या काळात एका चाळीसाठी आम्ही जे नाटक बसवलं त्यात काळ्या चष्म्याचा बिल्डर होता आणि त्याच्यापुढे पैशासाठी वाकणारा एक भाडेकरू होता. लोक खूप हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी पैसे लागत होते म्हणून सही दिली होती. त्या मधूनच उठून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या बैठकीला सही दिलेल्यांपैकी कुणीही आलं नाही. सही देणाऱ्या प्रत्येकाकडे कारण असतं: आजारपण, कर्ज, संडासासाठी सकाळी उभं राहायचा कंटाळा, मुलाला मुलगी द्यायला कुणी तयार नाही. सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक संडास यांचं कौतुक बाहेरच्यांनाच परवडतं. चाळीतली माणुसकी खरी आहे, पण म्हाताऱ्या माणसाने रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकापर्यंत चालत जाणंही तितकंच खरं आहे. तुमच्या नाटकात त्या माणसाला जागा नसेल तर नाटक करू नका.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त परिणाम झालेली गोष्ट सांगते. ती फारशी ‘कलात्मक’ नाही. चाळीच्या अंगणात फक्की मारायची, कबड्डीचं मैदान आखतात तशी. आणि तिने काढायचं काय, तर विकासकाने कबूल केलेलं घर, एकास एक मापात.

लालबागच्या एका चाळीत आम्ही हे केलं. आधी विकासकाच्या नकाशावरून प्रत्येक भिंतीची लांबी उतरवली. शनिवारी रात्री दोरी, खिळे, फक्की घेऊन आठ जण बसले. सकाळी लोक दूध आणायला खाली उतरले तर अंगणात एक पांढरं घर आडवं पडलेलं. दार इथे, ओटा इथे, मोरी नाही तर न्हाणीघर, संडास इथे. बायकांनी खरी भांडी आणून ओट्याच्या जागी मांडली. कुणीतरी गोदरेजचं कपाट बसतं का पाहायला कपाटाच्या मापाचा पुठ्ठा कापून आणला. गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा झोपायच्या खोलीत सरळ आडवे झाले आणि म्हणाले, पाय दाराबाहेर जातायत. सगळे हसले, मग गप्प झाले. तोपर्यंत कागदावरचा ‘चौरस फूट’ हा आकडा सगळ्यांनी ऐकला होता, पण अंगाला लावून पाहिला नव्हता. तिथेच कळलं की जाहीर केलेल्या आकड्यात भिंतींची जाडी आणि बाल्कनी धरली होती. कार्पेट म्हणून, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायला, हातात येणारी जागा खूपच कमी होती. संडासाचं दार उघडलं की ओट्याला आपटत होतं, हे तर कुठल्याच वकिलाच्या लक्षात आलं नव्हतं.

तुम्हाला अंदाज यावा म्हणून तीन मापं देते. मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची, म्हणजे दहा बाय सोळा. झोपडपट्टी पुनर्वसनात घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. ३०० म्हणजे पंधरा बाय वीस. बीडीडीच्या पुनर्विकासात कबूल झालं ते ५०० चौरस फुटांचं घर, म्हणजे वीस बाय पंचवीस. ही तिन्ही मापं एकात एक आखा, आणि चौथं तुमच्या करारातलं. भाषणाची गरज पडत नाही. लोक त्यात चालतात, बसतात, भांडतात. सही दिलेलेही येतात, कारण घर त्यांचंही आहे. तिथे उभं राहून विचारलेले प्रश्न एका मुलीने वहीत टिपून घ्यायचे. आमच्या त्या वहीत एका सकाळीत चाळीसच्या वर प्रश्न जमले आणि पुढे तीच आमची मागणीची यादी झाली.

दुसरी गोष्ट, कला कुठली. तुम्ही भिंतीवरची चित्रं म्हणताय, कारण ती छायाचित्रात छान दिसतात. मी विचारेन, तुमच्या चाळीतल्या साठीच्या माणसांना काय येतं? गिरणगावात कोकणातून आलेल्यांनी नमन-जाखडी आणली, घाटावरून आलेल्यांनी भारूड आणि कलगीतुरा आणला, आणि भजनी मंडळ तर जवळपास प्रत्येक चाळीत होतं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं तेव्हा त्यांनी परका प्रकार आणला नाही. तमाशाचा, पोवाड्याचा बाज घेतला आणि त्यात संपाची, जमिनीची गोष्ट घातली. समोर बसलेल्या कामगाराला चाल आधीच पाठ होती, म्हणून शब्द थेट आत गेले.

तुमच्या चाळीत रत्नागिरीकडची घरं असतील तर शक्ती-तुऱ्याचा विचार जरूर करा. त्यात दोन बाजू असतात, एक सवाल टाकते, दुसरी जबाब देते. पुनर्विकासाला यापेक्षा योग्य प्रकार मला माहीत नाही. सही दिलेल्यांची बाजू शक्तीने मांडायची, न दिलेल्यांची तुऱ्याने, आणि दोन्ही बाजूंना मानाने बोलू द्यायचं. एका ठिकाणी आम्ही असं केलं तेव्हा तुरेवाल्यांनी टाकलेला सवाल असा होता:

तेराव्या महिन्याचं भाडं कोण देणार, सांगा
शब्दावर नाही भागत, कागदावर मांडा

विकासकाने बारा महिन्यांच्या भाड्याचे धनादेश आगाऊ द्यायचं कबूल केलं होतं, इमारत उभी राहायला मात्र तीन-चार वर्षं लागणार होती. हे वाक्य पोरांच्या तोंडी बसलं. आठवडाभर जिन्यात तेच ऐकू येत होतं. शेवटी सही दिलेल्या लोकांनीच बैठकीत उठून तेराव्या महिन्याचा प्रश्न विचारला.

गणपतीही विसरू नका. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती आहे, म्हणजे चाळीच्या अंगणातून समाजाशी बोलायची सवय आपल्याला चार पिढ्यांची आहे. दहा दिवस सगळी चाळ, भाचे-पुतणे, नगरसेवक, पोलीस, सगळे पाया पडायला येतात. देखाव्यात चाळीचीच पुठ्ठ्याची प्रतिकृती करा, ८४ खोल्या, प्रत्येक खोलीत एक छोटा दिवा, आणि घराघरांतून जुन्या वस्तू मागा: भाड्याच्या पावत्या, पत्र्याची ट्रंक, गिरणीचं ओळखपत्र, संपाच्या काळातलं रेशनकार्ड. त्यातली भाड्याची जुनी पावती फक्त आठवण म्हणून पाहू नका, पात्रता ठरवताना तोच पुरावा असतो. वस्तू जमवायच्या निमित्ताने कुणाकडे कागद आहेत आणि कुणाकडे नाहीत हे तुम्हाला वेळेत कळेल. वडिलांच्या नावावरची खोली मुलांच्या नावावर झालीच नाही अशी घरं प्रत्येक चाळीत निघतात.

चिन्ह निवडताना आपल्या बोलीतून निवडा. सर्बियाच्या बेलग्रेडमध्ये नदीकाठच्या मोठ्या पुनर्विकासाविरुद्ध लोकांनी भलंमोठं पिवळं बदक रस्त्यावर आणलं. बाहेरच्याला ते गोंडस खेळणं वाटतं. पण तिथल्या बोलीत बदकासाठीचा शब्द थापेसाठी, फसवणुकीसाठीही वापरतात. त्यामुळे काही न लिहिताच ते बदक बोलत होतं. एप्रिल २०१६ च्या एका रात्री बुरखा घातलेल्या माणसांनी तिथल्या सावामाला भागातल्या इमारती पाडल्या, त्यानंतर हजारो लोक त्या बदकामागे चालले. मनोरे तरीही उभे राहिले, हेही सांगायला हवं. त्या लोकांनी पुढे निवडणुका लढवल्या आणि शहराच्या सभागृहात पोचले, पण नदीकाठ परत मिळाला नाही. चिन्ह माणसं जमवतं. जमलेल्या माणसांनी कुठलं दार ठोठावायचं ते आधी ठरलेलं हवं.

ते दार म्हणजे कागद आणि तारीख. गिरणगावाला हे फार महाग पडलंय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं ५८ वं कलम गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करत होतं: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीला लागू झाली, बांधकाम असलेल्या जमिनीला नाही. एवढ्या दुरुस्तीने शहराच्या वाट्याची जमीन कुठल्या कुठे गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. मोर्चे, गाणी, सभा आपल्याकडे भरपूर होत्या, पण नियम बदलला गेला तेव्हा चाळीचाळीत त्याचा अर्थ सांगणारं कुणी पोचलं नव्हतं.

उलट उदाहरण २०१५ चं. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. स्थानकांजवळ आठपर्यंत एफएसआय म्हणजे जमिनीच्या आठपट बांधकामाची मुभा, कोळीवाडे-गावठाणांच्या नोंदींचे घोळ, असलेल्या गोष्टी नकाशात नसलेल्या. वस्त्यावस्त्यांतून लोक नकाशाचा कागद हातात घेऊन आपल्याच गल्लीत फिरले, इथे शाळा आहे, इथे क्रूस आहे, इथे जाळी सुकवायची जागा आहे, अशा चुका खुणावत. त्यांचं रूपांतर सुमारे ६५ हजार हरकती आणि सूचनांमध्ये झालं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा नव्याने करायला सांगावा लागला. नकाशा घेऊन गल्लीत चालणं हाही प्रयोगच आहे, फक्त त्याच्या शेवटी पोच घेतलेला अर्ज आहे. तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी एक टेबल ठेवा. नाटक पाहून उठलेला माणूस सही करून, दोन प्रती काढून, म्हाडाच्या कार्यालयातला शिक्का मिळेपर्यंत जाईल अशी सोय हवी.

रात्रीचीही तयारी लागते. मुंबईतल्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध आदिवासी पाड्यांतले लोक आणि शहरातली तरुण मुलं कितीतरी रविवार झाडांखाली जमली, गायली, चित्रं काढली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. आंदोलक मिळेल त्या वाहनाने पोचले, २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली तोवर २१०० च्या वर झाडं पडली होती. मला ती रात्र अजून आठवते आणि आठवली की झोप येत नाही. तुमच्याकडे नळ तोडणं, जिना काढणं, रिकाम्या झालेल्या खोल्यांच्या भिंती पाडून इमारत मुद्दाम कमकुवत करणं, हे असंच अवेळी होईल. कुणी कुणाला फोन करायचा, कुणी चित्रण करायचं, तक्रार कुणी लिहायची, ते कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा.

परवानग्यांचं थोडक्यात. रस्त्यावर किंवा महापालिकेच्या भिंतीवर परवानगीशिवाय रंगवलं तर विद्रूपीकरणाच्या कायद्याखाली गुन्हा होतो. चाळीची भिंत मालकाची आहे, तीही तशीच रंगवू नका. साडीवर, चादरीवर रंगवा आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत घाला, ती तुमचीच आहे. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी घ्या आणि रात्री दहाला बंद करा. मोर्चा काढायचा म्हटलं तर मुंबईत तुम्हाला आझाद मैदानातच नेतात. म्हणून मी अंगणावर एवढा भर देते. मुलांवर गुन्हे दाखल झाले की आईवडील घाबरून सही देतात. हे एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

बाहेरचे कलाकार बोलवायचे का? बोलवा, पण उशिरा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे दोनशे कलाकार एका पडीक जुन्या वस्तीतल्या बारा इमारतींत शिरले. ताबा घेतला असं न म्हणता त्यांनी सगळ्या शहराला अंगणातल्या उत्सवाचं आणि प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. हजारो लोक आले, पोलिसांना हात घालणं अवघड झालं, आणि डिसेंबरमध्ये शहराने त्या इमारती गुंतवणूकदाराकडून परत विकत घेतल्या. मोठा विजय होता तो. पण तिथे इमारती बहुतेक रिकाम्या होत्या. तुमच्याकडे ८४ संसार आहेत. पाहुणा कलाकार आला की कॅमेरे त्याच्याकडे वळतात आणि चाळीतल्या मावशी मागे सरतात. तो येणार असेल तर मावशींच्या हाताखाली काम करायच्या अटीवर येऊ दे.

पुढचे सहा आठवडे मी असे धरेन. पहिल्या आठवड्यात मागणी एका वाक्यात ठरवा आणि विकासकाच्या नकाशाची प्रत मिळवा. सही दिलेल्या ३१ घरांमधल्या निदान पाच जणांना गटात घ्या, ते आले नाहीत तर पुढे जाऊ नका. तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी फक्की. त्यातून आलेले प्रश्न लिहून विकासकाला आणि मालकाला द्या, उत्तराची तारीख मागा. उत्तर आलं तर ते जाहीर वाचून दाखवा, नाही आलं तर शक्ती-तुरा त्या न आलेल्या उत्तरावरच बसवा. याच काळात वकिलाला एक गोष्ट विचारा: म्हाडा कायद्याच्या ७९-अ कलमाखाली मालकाने मुदतीत प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला संधी मिळते, ती तुमच्या चाळीला लागू होते का. त्या कलमाखालच्या नोटिशींवरून न्यायालयात वाद झालेला आहे, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. पण लागू होत असेल तर तुमची मागणी ‘नको’ इतकीच राहत नाही, ‘आम्ही करतो’ अशी होऊ शकते आणि त्या बारा घरांना सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

नकाशा मिळाला की त्यावर दरवाजे कुठल्या बाजूला उघडतात ते दाखवलंय का, एवढं आधी बघा. नसेल तर तेच पहिल्यांदा लेखी मागा. आणि फक्की मारायच्या आदल्या संध्याकाळी अंगणातल्या गाड्या हलवायला सांगा, लालबागला दोन स्कूटर हलवायला मालकच सापडत नव्हते आणि स्वयंपाकघर सकाळी नऊपर्यंत अर्धंच राहिलं.